शिशाचा ‘आर’ कुठे गेला?

पाइपांच्या जोडांवर ‘स्वीकृत’ अशी सही करणाऱ्या तमाम इंजिनिअर साहेबांस आणि मॅडमांस,



आपली ओळख आहे, पण चेहऱ्याची कमी आणि सहीची जास्त. एकतीस वर्षं मी वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे काढले. कागदावर माझा हुद्दा रेडिओग्राफर. कारखान्यात सगळे मला ‘फिल्मवाला’ म्हणत. फिल्म मी काढायची, ती दिव्यावर धरून तुम्ही वाचायची आणि खाली सही तुम्ही करायची, असा आपला संसार. निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. आता माझं कुठलंही बिल कुणाच्या टेबलावर अडकलेलं नाही, म्हणून हे लिहायला बळ आलं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. अणुभट्टीच्या आत मी कधी काम केलेलं नाही. माझी उमर तेलाच्या आणि रसायनांच्या पाइपांत गेली. तरी या पत्रात अणुभट्टीचे पाइप पुष्कळ येणार आहेत. आपल्या धंद्याची एक जुनी खोड आहे आणि ती किती महाग पडू शकते, याचा हिशेब फक्त अणुभट्ट्यांनी जगापुढे मांडला आहे. आमच्या रसायनवाल्यांकडे तीच खोड पाइपावरच्या इन्सुलेशनखाली झाकून जाते.

आता ‘आर’चं सांगतो. तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र खुलं आहे, दुसरं कुणी वाचत असेल. रात्री दहानंतर शॉप रिकामं करून घ्यायचं, दोरी बांधायची, पिवळी पाटी आणि लाल दिवा लावायचा. पाइपाच्या जोडाभोवती फिल्म गुंडाळायची आणि तिच्याजवळ शिशाची छोटी अक्षरं चिकटवायची: लाइनचा नंबर, जोडाचा नंबर, वेल्डरचा नंबर. मग लांबून क्रँक फिरवून इरिडियमचा सोर्स बाहेर काढायचा. शिशातून किरण सहज जात नाहीत, म्हणून फिल्म धुतली की ती अक्षरं काळ्यावर पांढरी उमटतात. जोडात खोट निघाली तर वेल्डर तेवढा भाग ग्राइंडरने उकरतो, पुन्हा भरतो, आणि मी पुन्हा फिल्म काढतो. या खेपेला जोडाच्या नंबरापुढे शिशाचा ‘आर’, म्हणजे रिपेअरचा, आणि ‘एक’ लागतो. पुन्हा नापास झाला तर ‘आर’ आणि ‘दोन’.

एका कामावर माझ्या डब्यातले ‘आर’ संपले होते. मार्चअखेरची घाई, पावसाळ्यात भरती झालेले नवे वेल्डर, आणि दर तिसरा जोड परत येत होता. रात्री दीड वाजता नवे ‘आर’ आणायचे कुठून? मी ‘पी’ घेतला, ब्लेडने शिशाची एक काडी कापली आणि त्याला तंगडी जोडून ‘आर’ केला. सकाळी साहेबांनी फिल्म बघितली आणि विचारलं, “हा ‘आर’ लंगडा का?” एवढ्या रिपेअर का झाल्या, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या सगळ्या लंगड्या-धडक्या ‘आर’चं पुढे काय होतं? काम संपलं की टाइप केलेला गोषवारा निघतो. जोड क्रमांक, तारीख, निकाल. निकालाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: स्वीकृत. जो जोड पहिल्या फटक्यात पास झाला तोही स्वीकृत, आणि जो दोनदा उकरून भरला तोही स्वीकृत. फिल्मच्या पेट्या काही वर्षं गोडाऊनमध्ये राहतात, मग फिल्ममधली चांदी काढणारा भंगारवाला त्या किलोवर घेऊन जातो. त्याच पेट्यांत ‘आर’ असतात.

माझी मुख्य तक्रार ही आहे. दुरुस्ती झाली म्हणजे जोड पहिल्यासारखा झाला, असं तुम्ही धरून चालता.

पहिला दाखला फ्रान्सचा. ७ मार्च २०२३ रोजी फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाने एक माहिती जाहीर केली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पेन्ली नावाचं वीजकेंद्र आहे. तिथल्या एक नंबरच्या भट्टीत, आणीबाणीत गाभ्यात पाणी सोडणाऱ्या यंत्रणेच्या पाइपाला, वेल्डला लागून भेग सापडली होती. पाइपाची जाडी २७ मिलिमीटर. भेग जिथे सर्वांत खोल होती तिथे २३ मिलिमीटर. लांबी १५५ मिलिमीटर, म्हणजे घेराचा जवळजवळ चतकोर. त्या जागी चार मिलिमीटर धातू काय तो उरला होता. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर घटनेला दुसरी पातळी दिली गेली. गंमत अशी की त्या लाइनचा आकार बघता तिला अशा भेगांचा धोका नाही, असं वीज कंपनी ईडीएफने आधी ठरवून टाकलं होतं. मग भेग नेमकी तिथेच का? नियामकाने दिलेलं कारण वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. बांधकामाच्या वेळी तो जोड दोनदा दुरुस्त केलेला होता.

आर-टू.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ईडीएफने आपल्या भट्ट्यांमधले बांधकामाच्या वेळी दुरुस्त झालेले जोड शोधून काढले, सुमारे ३२० निघाले, आणि तपासणीत त्यांना पुढचा नंबर दिला. पेन्लीची ती भट्टी १९९० मध्ये ग्रिडला जोडलेली, म्हणजे जोड त्याच्याही आधीचे. तेहेतीस वर्षांनी कुणीतरी जुन्या नोंदी उघडल्या आणि त्यांत ‘आर’ सापडले. तुमच्यापैकी किती जणांना तेहेतीस वर्षांपूर्वी सही केलेल्या जोडाबद्दल आज असं सांगता येईल? मी तीन ठिकाणी विचारून बघितलं. एका ठिकाणी फाइल होती, ‘आर’ नव्हता. दुसऱ्या ठिकाणी फाइलच पुरात गेली होती. तिसऱ्या ठिकाणी मला गेटवरूनच परत पाठवलं.

फ्रान्सला मी कागदांचं देवघर समजतो असं मात्र नाही. भट्ट्यांसाठी अवजड घडीव भाग बनवणाऱ्या तिथल्याच क्रूझो फोर्जमध्ये सुमारे ४०० फाइलींत गोलमाल असल्याचं २०१६ मध्ये उघड झालं, आणि ती दशकानुदशकं चालू होती. कागद खोटा असू शकतो. पण जो कागदच नाही, तो खरा की खोटा हे तपासणार कसं?

धातूच्या पोटात काय होतं हे तुम्हाला मी शिकवावं इतका मी शिकलेला नाही. मला ते समजलं ते एका म्हाताऱ्या लोहाराच्या आठवणीवरून. आमच्या गावात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा दिवस म्हणजे पोरांचा सण असे. शेणाच्या गोवऱ्यांचा गोल रचून त्यात लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून घागरी रिकाम्या करायच्या. वाफेचा लोट उठे. धाव आकसे, आणि चाकाचे सगळे आरे करकरून एकमेकांत घट्ट बसत. त्या चाकात पुढची कित्येक वर्षं एक ओढ राहायची, बैल जुंपलेले असोत किंवा नसोत.

वेल्डचंही तसंच आहे. वितळलेला धातू भरला, तो थंड झाला, आकसला. पण भोवतालचा पाइप त्याला मनासारखं आकसू देत नाही. ती अडलेली ओढ पाइपाच्या भिंतीत मुरून बसते. पाइपात दाब नसला तरी असते. अख्खा जोड सलग भरला तर ओढ निदान घेरभर वाटली जाते. दुरुस्तीत मात्र तुम्ही घेरातला चार बोटं तुकडा उकरता आणि बाकीचा सगळा थंड, ताठर पाइप जागच्या जागी असताना तेवढंच भोक भरता. त्या चार बोटांना हलायला जागाच नसते. ओढ तिथे साचते, आणि बऱ्याचदा नेमकी पाइपाच्या आतल्या अंगाला, जिथे पाणी असतं.

आता स्टेनलेस. आपल्या घरातल्या भांड्यांच्या बुडाशी १८-८ असा शिक्का असायचा. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. क्रोमियममुळे वर एक अदृश्य पापुद्रा धरतो, म्हणून गंज चढत नाही. वेल्ड करताना जोडाशेजारचा काही मिलिमीटरचा पट्टा साधारण ५०० ते ८५० अंशांत रेंगाळतो. तेवढ्या वेळात पोलादातला कार्बन धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन क्रोमियमला पकडून बसतो आणि त्या सीमांलगत क्रोमियमचा दुष्काळ पडतो. बाहेरून पाइप चकचकीत, आतून भिंतीच्या दगडांमधला चुना गेलेला. त्यात ओढ आहेच. आणि उकळत्या पाण्याच्या भट्टीत पाणी असतं सुमारे २८८ अंशांचं, वातावरणाच्या सत्तरपट दाबाखाली, किरणांनी पाण्याचे रेणू फुटून त्यात थोडा प्राणवायू सुटा झालेला. पोलाद, ओढ आणि पाणी तिघं जमले की कणांच्या सीमांवरून भेग आत चालू लागते. कधी वर्षं लागतात. तिला मराठीत सुटसुटीत नाव नाही. आम्ही ‘एससीसी’ म्हणतो, पुस्तकवाले ताण-क्षरण म्हणतात.

हे काही कालचं ज्ञान नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ड्रेस्डेनच्या दुसऱ्या भट्टीत, पाणी फिरवत ठेवणाऱ्या फेरप्रवाहाच्या लाइनला जोडलेल्या चार इंची नळ्यांत अशा भेगा निघाल्या आणि तशा इतर भट्ट्याही तपासणीसाठी थांबवाव्या लागल्या. तेव्हा समजूत अशी होती की रोग बारीक नळ्यांचा आहे. १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नाइन माइल पॉइंटच्या जाड फेरप्रवाह पाइपांतच भेगा सापडल्या आणि ती समजूत संपली. सगळे पाइप बदलावे लागले. मग कमी कार्बनचं पोलाद आलं, पाण्यात हायड्रोजन सोडून प्राणवायू मारायची रीत आली. पोलाद सुधारलं, पाणी सुधारलं.

आणि इथेच पेन्ली आणि तिच्या आधी फ्रान्समधलंच सिव्हो हे केंद्र यांनी आपल्याला तोंडघशी पाडलं. फ्रान्सच्या त्या भट्ट्या दाबाखालच्या पाण्याच्या. पोलाद कमी कार्बनचं, पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. पुस्तकाप्रमाणे तिथे ही भेग पडायचं कारण नव्हतं. तिघांतले दोघे आटोक्यात आणले होते. उरली ती ओढ: काही ठिकाणी पाइपाच्या वळणामुळे गरम-थंड पाण्याचे थर साचून आलेली, आणि पेन्लीच्या त्या जोडात दुरुस्तीने आणलेली. पोलाद बनवणारा वेगळा, पाणी सांभाळणारा वेगळा. ओढ मात्र आपण आणतो, साहेब. फिटर, वेल्डर, मी आणि तुम्ही.

तुम्ही म्हणाल, एका जोडावरून एवढं बोलू नका. दुसरा देतो. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात व्ही. सी. समर नावाचं केंद्र आहे. ऑक्टोबर २००० मध्ये इंधन बदलण्यासाठी भट्टी थांबवली तेव्हा भट्टीच्या पात्राला मोठा गरम पाइप जिथे जोडला आहे तिथे बोरिक आम्लाचे पांढरे थर सापडले, सुमारे ९० किलो. वेल्डमधून आरपार भेग गेली होती. आणि बांधकामाच्या नोंदी काढल्या तर त्या जोडात त्या वेळी भरपूर उकराउकर आणि पुन्हा भरणी झालेली होती. पेन्लीच्या तेवीस वर्षं आधीची ही गोष्ट.

तिसरा माझा स्वतःचा. कारखान्याचं नाव सांगत नाही. स्टेनलेसची सहा इंची लाइन, चालू होऊन अडीच वर्षं झालेली. इन्सुलेशन ओलं दिसलं म्हणून काढलं, तर वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ आणि तिच्यावर मिठाचा पांढरा कोंब. चौकशी बसली. महिनाभर पाण्यातलं क्लोराइड मोजलं, इन्सुलेशनवाल्याला धारेवर धरलं, पोलादाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. फाइलमध्ये तो जोड स्वीकृत. मी खिशात छोट्या डायऱ्या ठेवायचो, रोजच्या फिल्मचा हिशेब मजुरीसाठी लागतो म्हणून. घरी जाऊन चाळल्या. तो जोड आर-टू होता, आणि रेघ त्याच तुकड्यात होती जो दोनदा भरला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांना डायरी दाखवली. ते म्हणाले, “फाइलीत नाही ना? मग नाही.” क्लोराइड दोषी ठरलं. क्लोराइड निर्दोष होतं असं मी म्हणत नाही. पण त्याच पाण्यात, त्याच ओल्या इन्सुलेशनखाली शेजारचे अकरा जोड शाबूत होते.

आता तुमच्या फिल्म वाचण्याबद्दल. रागावू नका. एक्स-रेला पोकळी दिसते, राख दिसते, न वितळलेली कड दिसते. घट्ट मिटलेली भेग बऱ्याचदा दिसत नाही. तिला आवाज लागतो, म्हणजे अल्ट्रासॉनिक. आणि त्या पडद्यावर एक कोंब उठला की तो भेगेचा की वेल्डच्या मुळाच्या आकाराचा, हे माणूस ठरवतो. आपल्याकडे त्याला एक लाडका शब्द आहे: जॉमेट्री. “काही नाही, जॉमेट्री आहे.” माझ्या समोर हा शब्द किती वेळा उच्चारला गेला याचा हिशेब कुठल्याच डायरीत नाही. सिव्होला २०२१ मध्ये दहा वर्षांच्या मोठ्या तपासणीत ज्या कोपरांजवळ भेगा सापडल्या, तिथे शोध चालू होता तो औष्णिक थकव्याच्या खुणांचा. ताण-क्षरणाची तिथे कुणाला अपेक्षाच नव्हती. अपेक्षा नसलेल्या गोष्टीला आपण जॉमेट्री म्हणतो.

पुढचा हिशेब पैशांचा आहे, तो तुम्हाला लवकर पटेल. २०२२ मध्ये फ्रान्सच्या अणुकेंद्रांनी मिळून २७९ अब्ज युनिट वीज दिली, गेल्या तीसेक वर्षांतली सर्वांत कमी. वर्षानुवर्षं शेजाऱ्यांना वीज विकणारा देश त्या वर्षी विकत घेणारा झाला. ईडीएफला १७.९ अब्ज युरोचा तोटा झाला. सगळा भेगांमुळे नव्हे, सरकारने विजेच्या दरांवर घातलेल्या मर्यादेचाही त्यात हात होता. पण भट्ट्या बंद ठेवून पाइप कापायची वेळ आली नसती तर आकडा असा नसता. आणि पाइप कापून नवे जोडायला माणसं कमी पडली, तेव्हा अमेरिका आणि कॅनडातून सुमारे शंभर वेल्डर आणावे लागले. तेव्हा ५६ भट्ट्यांचा देश, आणि वेल्डर बाहेरून. किरणांच्या जागेत काम करणाऱ्याचं अंग ठरावीकच डोस घेऊ शकतं. तो भरला की तो माणूस बाहेर, दुसरा आत. म्हणून एकदा चाललेल्या भट्टीतली दुरुस्ती म्हणजे माणसांचाच खर्च.

आपल्याकडे वेल्डरला पैसे मिळतात इंच-डायावर. जितक्या इंचांचे जितके जोड, तितकी मजुरी. रिपेअरचे पैसे नाहीत. उलट रिपेअरची टक्केवारी चढली की त्याचा नंबर कापायची धमकी. मग रिपेअर तो कसा करणार? घाईत. ग्राइंडर दाबून धरायचा, पाइप निळा पडेस्तोवर उकरायचं, दोन पासांमध्ये धातू थंड होऊ द्यायचा नाही, आतल्या बाजूचा आर्गॉन पुन्हा भरायला वेळ नाही. जिथे सर्वांत सावकाश हात हवा तिथे सर्वांत घाईचा हात लागतो, आणि ती घाई तुमच्या दरपत्रकातच लिहिलेली आहे. वेल्डिंगची पद्धत सांगणारा कागद इंग्रजीत प्लास्टिकच्या पिशवीत खांबाला टांगलेला असतो. त्यात मूळ जोडाबद्दल दोन पानं आणि दुरुस्तीबद्दल एक ओळ: मूळ पद्धतीप्रमाणेच करावी. अहो, मूळ पद्धतीप्रमाणे होणारच नाही, ते मी वर सांगितलंच.

माझ्या वेळच्या बहुतेक कामांवर नियम असा होता की दोनदा दुरुस्ती, तिसऱ्यांदा जोड कापायचा. कापायचा म्हणजे लाइन मागे-पुढे होणार, नवा तुकडा घालावा लागणार, एकाचे दोन जोड होणार. म्हणून कधी कधी तिसरी दुरुस्तीसुद्धा ‘आर-टू, री-शूट’ या नावाने पास झाली आहे. शिशाची अक्षरं मी लावली आहेत. त्या पापात माझाही वाटा आहे, हे लिहिलं नाही तर पत्र अर्धवट राहील.

पाप लपवण्याचं टोक कुठे जातं तेही एकदा बघून ठेवा. २९ ऑगस्ट २००२ रोजी जपानमध्ये उघड झालं की टोकियोच्या टेप्को कंपनीने आपल्या भट्ट्यांतल्या भेगांच्या तपासणीच्या नोंदी वर्षानुवर्षं बदलल्या होत्या. संशयाची प्रकरणं २९. कंपनीच्या अध्यक्षांना जावं लागलं. एप्रिल २००३ पर्यंत कंपनीच्या १७ च्या १७ भट्ट्या तपासणीसाठी बंद झाल्या होत्या. हे बाहेर आलं ते केई सुगाओका नावाच्या एका तपासनिसामुळे, म्हणजे माझ्या-तुमच्या जातीच्या माणसामुळे. त्याने २००० मध्ये सरकारला पत्र लिहिलं होतं. सरकारी यंत्रणेने काय केलं? त्याचं नाव कंपनीला कळवलं. पुढे जपानने कायदा बदलला आणि भेग किती मोठी असली तर किती काळ चालवता येईल याचे नियम केले. आधी नियम असा की भट्टी कायम नव्यासारखी हवी. तो कुणालाच पाळता येत नव्हता, म्हणून सगळेच खोटं लिहीत होते. हा मुद्दा मला फार जवळचा वाटतो. ‘स्वीकृत’ या एकाच रकान्याशिवाय फॉर्ममध्ये दुसरी जागाच नसेल तर माणूस दुसरं लिहिणार कुठे?

आता घराजवळ येतो. बोईसरला मी नऊ वर्षं भाड्याच्या खोलीत राहिलो. तिथून तारापूरच्या दोन जुन्या भट्ट्या जवळच. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या घडणीच्या, २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देणाऱ्या. ड्रेस्डेन आणि नाइन माइल पॉइंट यांच्याच घराण्यातल्या, उकळत्या पाण्याच्या. म्हणजे मी वर सांगितलेला रोग त्यांच्या कुळातलाच. २०२० पासून त्या दोन्ही मोठ्या नूतनीकरणासाठी बंद ठेवल्या गेल्या आणि फेरप्रवाहाचे पाइप गंजाला दाद न देणाऱ्या धातूचे बसवणं हा त्या कामाचा महत्त्वाचा भाग ठरला. पन्नास वर्षांच्या यंत्रातले पाइप बदलणं यात लाजण्यासारखं काही नाही; ते वेळेवर करणं हीच आपली शान. मला उत्सुकता एवढीच आहे की नव्या पाइपांच्या जोडांत ‘आर’ कुठे आहेत, आणि ते कुणी, कुठे लिहून ठेवले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात माडबनच्या सड्यावर जैतापूरच्या सहा भट्ट्या, प्रत्येकी १७३० मेगावॉटच्या, उभ्या करायचा बेत आहे, आणि तो याच ईडीएफच्या साथीने. त्या होवोत न होवोत, मत ज्याचं त्याचं. पण झाल्याच, तर जोड आपलीच पोरं भरतील आणि फिल्म आपलीच पोरं काढतील.

वेल्ड म्हणजे फक्त रोग असा समज होऊ नये म्हणून एक सांगतो. १९८२ नंतर अमेरिकेत भेग गेलेल्या कित्येक पाइपांना न कापता वाचवलं, तेही वेल्डनेच. पाइपात पाणी तसंच ठेवायचं, आणि भेगेच्या जागेवर बाहेरून, घेरभर, थरावर थर धातू चढवायचा. बाहेरचा थर आकसतो आणि आतली भिंत दाबली जाते. आत ओढ होती तिथे दाब येतो. दाबलेली भेग पुढे सरकत नाही. वाचलं तेव्हा मी हसलो. आमच्या लोहाराने चाकाला हेच केलं होतं, फक्त त्याच्याकडे पाइप नव्हता. ओढ कुठे आहे हे ज्याला माहीत आहे, तो तिला कामाला लावतो. ज्याच्या फाइलमध्ये सगळेच जोड सारखे, त्याला ती सापडणार नाही.

तर विनंत्या. गोषवाऱ्यात निकालाच्या शेजारी आणखी एक रकाना घाला आणि त्यात आर-एक, आर-दोन, कुठल्या तुकड्यात, किती खोल, हे लिहा. पाइप जिवंत आहे तोवर तो कागद जिवंत ठेवा. भंगारवाल्याला फिल्म द्यायच्या तर द्या, पण आधी ‘आर’ उतरवून घ्या. पुढच्या तपासणीची यादी करताना दुरुस्त जोड वर घ्या. यादीतून सुटलेली जागा काय करते ते जपानमध्ये मिहामाला ९ ऑगस्ट २००४ रोजी दिसलं: तो रोग वेगळा, पाण्याच्या वेगाने पाइप झिजण्याचा, पण ती जागा २८ वर्षं कुणी तपासलीच नव्हती, आणि पाइप फुटला तेव्हा वाफेने पाच कामगार गेले.

वेल्डरला रिपेअरची मजुरी द्या, मूळ जोडापेक्षा जास्त द्या, आणि दुरुस्तीची पद्धत वेगळ्या कागदावर, त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहा. त्याच्या शिक्क्याच्या नंबराशेजारी त्यालाही सही करू द्या. तिसऱ्यांदा ‘आर’ लावायची वेळ आली तर आधी कापा, मग रागवा. पडद्यावर उठलेल्या कोंबाला जॉमेट्री म्हणायचं असेल तर का म्हणता ते एका ओळीत लिहून खाली नाव घाला. आणि फिल्मवाला पोरगा डायरी घेऊन तुमच्या दारात आला, तर “फाइलीत नाही ना?” असं त्याला विचारू नका. ती फाइल तुमचीच आहे.

शेवटी एक. माझ्या डायऱ्या अजून माझ्याकडे आहेत. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, वर्षावार, रबर बँड लावून. जोड क्रमांक, तारीख, वेल्डरचा नंबर आणि जिथे होता तिथे ‘आर’. काही पानांवर फिक्सरचे पिवळे डाग आहेत, पण अक्षर वाचता येतं. माझ्या हातची फिल्म ज्या-ज्या लाइनीवर आहे, त्यांतल्या पुष्कळ अजून चालू आहेत. आपल्या जोडाचा ‘आर’ ज्याला शोधायचा असेल त्याने यावं. डायरी बघायला मी पैसे घेणार नाही, चहा माझा.



आपला,
एक निवृत्त फिल्मवाला
डोंबिवली